रांजणवाडी समजून उघडलेली गाठ

पापणीवरची गाठ खरवडायला घेतली आणि आतून काहीच आलं नाही. त्या दिवशी टेबलावर मी त्याचा अर्थ चुकीचा लावला आणि बरोबर अर्थ कळायला चौदा महिने गेले. नेत्रतज्ज्ञ म्हणून सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी काम करताना रोज पापण्यांच्या गाठी बघते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. रुग्ण बाईंनी लिहायची परवानगी दिली आहे. त्यांची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत, गाठीचे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

पहिली भेट

वय ४६. घरी शिलाईकाम, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, नाकाकडच्या बाजूला, तुरीच्या दाण्याएवढी गाठ दीड वर्षापासून होती. दुखत नव्हती, लाल नव्हती. "मॅडम, रांजणवाडी आहे, बसतच नाही," असं त्यांनी खुर्चीत बसता बसताच सांगितलं. लवंग उगाळून लावून झाली होती, तळहातावर बोट घासून शेक देऊन झाला होता, मेडिकलमधून थेंब आणून घालून झाले होते.

रांजणवाडी हा शब्द आपल्याकडे पापणीवरच्या कुठल्याही फुगवट्याला चालतो. खरी रांजणवाडी पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी येते, ठणकते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात फुटते किंवा बसते. महिनोन् महिने टिकणारी, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा कॅलाझिऑन असते. पापणीत टार्सल प्लेट नावाचा ताठ पडदा असतो. त्यात तेल स्रवणाऱ्या मायबोमियन ग्रंथी उभ्या रांगेत असतात, वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०. एखादीचं तोंड बुजलं की तेल आतल्या आत झिरपतं आणि शरीर त्याभोवती सूज उभी करतं. ते कॅलाझिऑन.

मीही तेच निदान लिहिलं. तीन आठवडे गरम शेक सांगितला, फरक पडला नाही, म्हणून नेहमीची छोटी शस्त्रक्रिया ठरवली. भूल दिली, क्लॅम्प लावला, पापणी उलटवली आणि आतल्या बाजूने उभा छेद घेतला. एरवी इथे लोण्यात रवा कालवावा तसा करडा-पिवळसर ऐवज आपणहून बाहेर येतो. या वेळी छेद कोरडा राहिला. क्युरेट, म्हणजे खरवडायची छोटी पळी, आत घातली तर ती घसरत होती, सोललेल्या उकडलेल्या अंड्यावर चमचा घसरावा तशी. थोडा जोर लावला तेव्हा बाई दचकल्या. म्हणाल्या, "कपाळात कळ गेली, पार केसांपर्यंत."

भूल कमी पडली असेल असं समजून मी आणखी थोडी दिली. क्युरेटच्या टोकाला दोन पांढरट कण आले होते, ते गॉजवर पुसले. जुनं कॅलाझिऑन घट्ट होतं, तसंच हेही झालं असेल, असं मनाशी ठरवून मलम घातलं, पट्टी बांधली. गॉज कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला.

त्या पाच मिनिटांत गाठीने मला दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. आपल्यात तेल नाही, ही एक. आणि आपलं नातं कपाळाकडे जाणाऱ्या नसेशी आहे, ही दुसरी. दोन्हींना माझ्याकडे सोयीचं उत्तर तयार होतं, म्हणून दोन्ही माझ्या कानावरून गेल्या.

चौदा महिन्यांनी

त्या परत आल्या त्या गाठीसाठी म्हणून आल्याच नव्हत्या. तक्रार चष्म्याची होती. "सुईचं नेढं दोन दिसतं. डाव्या डोळ्याने बघितलं की एकच." उजव्या डोळ्याचा सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईचा, नंबर आधी ०.७५ होता, तो २.०० झाला होता. बुबुळ निरोगी, मोतीबिंदू नाही. वरच्या पापणीतली गाठ आता १२ बाय ९ मिलिमीटर होती आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर दाब देत होती. पापणीच्या गाठीने बुबुळाचा आकार बदलतो आणि नजर तिरपी फाटते, हे आपण कॅलाझिऑनमध्येही बघतो. पण कॅलाझिऑन असं चौदा महिने हळूहळू, न थांबता, सरळ रेषेत वाढत नाही.

'परत आलेली रांजणवाडी' हे शब्द ऐकले की नेत्रतज्ज्ञाच्या पोटात आधी एकाच गोष्टीची भीती उभी राहते, सेबेशियस ग्रंथीचा, म्हणजे तेलग्रंथीचा, कर्करोग. पाश्चात्त्य देशांत पापणीचे बहुतेक कर्करोग बेसल सेल प्रकारचे असतात. भारतात सेबेशियस ग्रंथीच्या कर्करोगाचा वाटा तिथल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि त्याचं आवडतं सोंग कॅलाझिऑनचंच आहे. म्हणून त्या दिवशी नसेचा विचार करण्याआधी मी त्याच्याच खुणा शोधल्या. पापणीचे केस गाठीजवळ झडलेत का? नव्हते, रांग अखंड होती. कड जाड, पिवळट, खरबरीत आहे का? नव्हती. कानापुढची आणि जबड्याखालची लसिकाग्रंथी हाताला लागते का? लागत नव्हती. गाठीवर व्रण किंवा फुटलेल्या रक्तवाहिन्यांची जाळी नव्हती. भीती निवळली, पण पूर्ण गेली असं म्हणता येणार नाही. ती फक्त स्लाइडवर, म्हणजे ऊती सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर, जाते.

मग बोटांनी नीट तपासलं, जे मी पहिल्यांदाच करायला हवं होतं. वरची त्वचा गाठीवरून सहज सरकत होती, म्हणजे त्वचेची गाठ नव्हे. पापणी उलटवली तर आतला पातळ पडदा नितळ होता, फक्त माझ्या जुन्या छेदाची पांढरी रेघ होती. कॅलाझिऑनवर तिथे लालसर किंवा करडा डाग दिसतो. गाठ टार्सल प्लेटच्या पुढे होती आणि जुन्या छेदापाशीच तिला चिकटली होती. ती डावी-उजवीकडे हलत होती, वर-खाली जवळजवळ नाहीच. नसेवरच्या गाठी अशाच वागतात. नसेच्या आडव्या दिशेने हलतात, नसेच्या लांबीत हलत नाहीत. हातापायांवर ही खूण जास्त विश्वासाची, कारण तिथे नस जाड असते. पापणीत नस दोऱ्याएवढी, त्यामुळे एवढ्यावर निदान उभं करू नये. पण कपाळात गेलेली ती कळ मला तेव्हा आठवली. जुना केसपेपर काढला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भूल अपुरी'.

वरच्या पापणीच्या नाकाकडच्या भागाला आणि कपाळाच्या मधल्या पट्ट्याला संवेदना देणारी नस एकच, सुप्राट्रॉक्लिअर. डोळ्याच्या खोबणीतून वरच्या आतल्या कोपऱ्याने ती बाहेर येते. तिला डिवचलं की कळ कपाळातच जाणार.

नसेची गाठ म्हटलं की पापणीवर थांबून चालत नाही, माणूस पूर्ण बघावा लागतो. नर्सताईंना बरोबर घेऊन खिडकीच्या उजेडात बाईंची पाठ, दंड, काखा बघितल्या. चहाच्या दुधाळ रंगाचे सहा किंवा जास्त डाग, मोठ्या माणसात प्रत्येकी १५ मिलिमीटरपेक्षा मोठे, काखेत तिळांसारखे ठिपके, त्वचेवर मऊ गाठी, असं काही दिसलं तर विचार न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे नसांवर गाठी येणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, प्रकार १ चा करायचा. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर लिश नोड्यूल नावाचे बारीक तपकिरी उंचवटे शोधले. दोन्ही कानांनी ऐकू नीट येतं का, कानात आवाज येतो का, घरात कोणाला मेंदूतली गाठ झाली होती का, हे विचारलं, कारण प्रकार २ मध्ये दोन्ही बाजूंच्या श्रवण-तोलाच्या नसेवर गाठी येतात. काहीच सापडलं नाही. लहान मुलांत प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा, म्हणजे नसांच्या जाळ्यात पसरलेली गाठ, असते तेव्हा वरची पापणी इंग्रजी एस अक्षरासारखी लोंबते आणि बोटांना आत गांडुळांची पिशवी लागल्यासारखं वाटतं. ते चित्र एकदा बघितलं की विसरत नाही. इथे त्याचा प्रश्न नव्हता.

एक तपासणी मी मुद्दाम वेळ घेऊन केली. ओठ, जीभ आणि दोन्ही पापण्यांच्या कडा भिंगातून बघितल्या आणि मग गळा चाचपला. पापणीच्या कडेवर आणि जिभेच्या टोकावर बारीक बारीक मण्यांसारखे न्यूरोमा (नसेच्या गाठी), जाड ओठ, उंच सडपातळ बांधा, आणि स्लिट लॅम्पखाली बुबुळात ठळक दिसणाऱ्या नसा, हे सगळं एकत्र आलं तर तो मल्टिपल एंडोक्राइन निओप्लेझिया २बी हा, अंतःस्रावी ग्रंथींत गाठी आणणारा, आजार असतो. रेट नावाच्या जनुकातल्या बिघाडाने तो होतो आणि अशा मुलांना थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग जवळजवळ ठरलेला असतो, तोही फार लहान वयात. लवकर ओळखलं तर थायरॉइड वेळेत काढता येते. पापणीच्या कडेचे ते निरुपद्रवी मणी म्हणजे त्या मुलाला मिळालेली आगाऊ सूचना असते आणि ती वाचायची संधी अनेकदा नेत्रतज्ज्ञाला सगळ्यांत आधी मिळते. आमच्या बाईंची गाठ एकच होती आणि कडेपासून दूर होती. तरी गळा चाचपायला लागतं तेवढं अर्धं मिनिट प्रत्येक वेळी द्यावं असं माझं ठाम मत आहे.

सुई घालून पेशी काढायचा पर्याय होता. नसेच्या गाठीत सुई दुखते आणि हाती चार लांबट पेशी लागतात, ज्यांवरून पॅथॉलॉजिस्टला छातीठोकपणे काही सांगता येत नाही. ती वाट मी सोडली. सीटी स्कॅन मात्र करून घेतला, कारण गाठीचं शेपूट खोबणीत मागे गेलं असेल तर ते माझ्या टेबलावरचं काम राहत नाही. स्कॅनमध्ये गाठ रेखीव, पापणीपुरती, हाड शाबूत.

"नस कापणार का?"

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बाईंचा मुलगा बाजूला घेऊन विचारू लागला, "मॅडम, डोळ्याची नस कापणार का?" आपल्याकडे नस या एका शब्दात रक्तवाहिनीही येते, स्पर्शाची नसही येते आणि दृष्टीची नसही. काचबिंदूच्या रुग्णांना 'डोळ्याची नस सुकली' असं आम्हीच सांगत असतो. त्यामुळे त्याची भीती अगदी रास्त होती. कागदावर डोळा काढून दाखवला. दृष्टीची नस डोळ्याच्या मागून निघून मेंदूत जाते, ही त्वचेखालून कपाळात जाते, दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. ही कापली तर कपाळाचा थोडा भाग बधिर होईल, कदाचित कायमचा. दिसण्यावर परिणाम नाही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, आईला दाखवायला.

छेद या वेळी बाहेरून, पापणीच्या नैसर्गिक घडीत घेतला. स्नायूचे तंतू बाजूला केले आणि गाठ समोर आली. पिवळसर पांढरी, चकचकीत, स्वतःच्या आवरणात. आजूबाजूच्या ऊतीपासून ती बोथट कात्रीने सुटत गेली, फक्त माझ्या जुन्या छेदाच्या जागी वण घट्ट होता. तिथे आवरण फाटू नये म्हणून टार्सल प्लेटचा पातळ पापुद्रा गाठीबरोबरच घेतला. वरच्या आतल्या टोकाला पांढरा, शिवणाच्या दोऱ्याएवढा तंतू गाठीत शिरत होता. तो कापला. गाठ अखंड निघाली.

आत काय आहे बघायला कापून बघायचा मोह होतो. तो आवरावा. आवरण अखंड राहिलं तर पॅथॉलॉजिस्टला कडा वाचता येतात. नसेच्या टोकाला मी टाका घालून खूण केली आणि गाठ रुंद तोंडाच्या बाटलीत १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकली, तुकड्याच्या निदान दहापट द्रव. सलाइनमध्ये किंवा कोरड्या गॉजमध्ये पाठवलेली ऊती वाटेतच खराब होते, हे लिहायची गरज नसावी, पण अजून तशा बाटल्या पुण्याला पोहोचतात असं तिथले पॅथॉलॉजिस्ट सांगतात. बाटली मुलानेच एसटीने नेली, मांडीवर धरून. सोबतच्या चिठ्ठीत मी सगळं लिहिलं. आधीची खरवड, न पाठवलेले कण, कपाळातली कळ, सगळं.

स्लाइडवर

तिसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट सरांचा फोन आला. "चिठ्ठीत कळ लिहिलीत ते बरं केलंत. दोरा कुठल्या टोकाला होता ते परत सांगा." त्यांनी टाक्याच्या जागी आवरणाला लागून कापलेल्या नसेचे तंतू बघितले होते. निदान श्वानोमा.

शरीरभरच्या नसांच्या तंतूंभोवती जे वेष्टन असतं ते बनवणाऱ्या पेशींना श्वान पेशी म्हणतात. त्याच पेशींची ही साधी, कर्करोग नसलेली गाठ. दृष्टीच्या नसेला हे वेष्टन नसतं, तिथे मेंदूतल्यासारख्या वेगळ्या पेशी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली श्वानोमाचे दोन चेहरे दिसतात. कुठे लांबट पेशी दाट, वळणावळणाने रचलेल्या, त्याला अँटोनी ए म्हणतात. कुठे पेशी विरळ, पाणीदार ऊतीत विखुरलेल्या, तो अँटोनी बी. स्वीडनच्या निल्स अँटोनींनी १९२० मध्ये हा फरक मांडला. दाट भागात पेशींची केंद्रकं दोन समांतर रांगांत उभी राहतात आणि मध्ये गुलाबी, मोकळी पट्टी सुटते. पंगतीत दोन्हीकडे माणसं बसावीत आणि मधली वाट रिकामी राहावी, तसं दिसतं. हे व्हेरोके बॉडी, उरुग्वेत जन्मलेल्या आणि प्रागमध्ये काम केलेल्या होसे व्हेरोकेंनी १९१० मध्ये वर्णन केलेलं. सरांनी पाठवलेल्या फोटोत अशा तीन पंगती स्पष्ट होत्या.

एका कोपऱ्यात मात्र काही केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी होती. पहिल्या नजरेला कोणालाही धडकी भरावी अशी. सरांनी तिथे विभाजन होणाऱ्या पेशी शोधल्या, एकही नव्हती. जुन्या श्वानोमात पेशी अशा झिजून विद्रूप होतात. १९५१ मध्ये अ‍ॅकरमन आणि टेलर यांनी त्याला 'एन्शंट', म्हणजे पुरातन, असं नावच दिलं.

पेशी कुठल्या जातीच्या ते दाखवणाऱ्या खास रंगांच्या तपासण्या झाल्या. श्वान पेशींत लागणारे दोन रंग मिळाले, एस-१०० सगळ्या गाठीभर ठळक, सॉक्स१० केंद्रकांत. आवरणात ईएमए, नसेच्या बाहेरच्या वेष्टनाच्या पेशींचा रंग. नसेचे तंतू दाखवणारा न्यूरोफिलामेंट फक्त कडेला, आत नाही. हा शेवटचा रंग महत्त्वाचा, कारण शेजारच्या दोन निदानांपासून तो वेगळं काढतो. न्यूरोफायब्रोमात नस गाठीच्या पोटातून जाते, त्यामुळे तंतू आत विखुरलेले दिसतात. चेहऱ्यावर येणाऱ्या पॅलिसेडेड एनकॅप्स्युलेटेड न्यूरोमातही तंतू भरपूर असतात. श्वानोमा नसेच्या अंगावर वाढतो आणि तिला बाजूला ढकलतो.

इथे एक सांगायलाच हवं. एस-१०० आणि सॉक्स१० दोन्ही मेलॅनोमातही, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगातही, रंगतात. लांबट पेशींचा मेलॅनोमा पापणीवर येऊ शकतो आणि त्याच्या काही प्रकारांत मेलॅनोमाचे बाकीचे रंग लागतही नाहीत. तेव्हा निदान एकट्या रंगावर उभं नव्हतं. ते उभं होतं अखंड आवरणावर, त्या पंगतींवर आणि कडेच्या नसेवर. मी चौदा महिन्यांपूर्वी ते दोन कण पाठवले असते तर काय झालं असतं, हे मी सरांना विचारलं. "लांबट पेशी आहेत, कॅलाझिऑन नाही, पूर्ण गाठ काढून पाठवा, एवढं नक्की लिहिलं असतं," ते म्हणाले. नाव मिळालं नसतं. पण ती गाठ चौदा महिने वाढत राहिली नसती आणि गाठ सेबेशियस कर्करोगाची असती तर त्या चौदा महिन्यांची किंमत काय झाली असती, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही.

रिपोर्ट घेऊन मुलगा आला तेव्हा गोंधळलेला होता. मोबाइलवर मराठीत शोधलं तर 'श्वान' आलं होतं. घरी दारात कुत्रा आहे, आई त्याला जवळ घेते, त्याच्यापासून झालं का, त्याला बाहेर सोडून यायचं का, असं तो विचारत होता. थिओडोर श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे, १८३९ मध्ये प्राण्यांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे त्यांनी मांडलं, त्यांच्या नावावरून हा शब्द आला, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. आता मी असा रिपोर्ट देताना हे आधीच सांगते.

नंतर

टाके सहाव्या दिवशी काढले. दोन महिन्यांनी सिलिंडरचा नंबर १.०० वर आला होता आणि नेढं एकच दिसत होतं. कडा मोकळ्या, म्हणजे काठावर गाठीच्या पेशी उरलेल्या नसल्याने, पुढच्या उपचारांची गरज नव्हती. अर्धवट काढलेला श्वानोमा परत येऊ शकतो, पूर्ण काढलेला सहसा येत नाही, म्हणून वर्षातून एकदा तपासणी ठेवली आहे.

बधिरपणाचं मी आधी सांगितलं होतं, पण तो कसा जाणवेल हे मला माहीत नव्हतं. ते त्यांनी सांगितलं. "टिकली लावताना बोटाला कपाळ कळतं, कपाळाला बोट कळत नाही. आरशाशिवाय मधोमध लागतच नाही." कापसाच्या टोकाने मी बधिर भागाची हद्द पेनने आखली, उजव्या भुवईच्या आतल्या टोकापासून वर दोन बोटं. आठव्या महिन्यात परत आखली तेव्हा ती रुपयाच्या नाण्याएवढी उरली होती. शेजारच्या नसांचे तंतू त्या भागात पसरतात, तेच इथे होत असावं. दोन्ही आखण्यांचे फोटो केसपेपरला लावले आहेत, त्याच पानाला, ज्यावर 'भूल अपुरी' लिहिलेलं आहे.